ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला सहकुटुंब जाताना कोणता कॅमेरा न्यावा?

रुणझुण, ९ मार्च

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण फ्लोरिडाला निघालो आहोत : मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. धाकटे दीर टॅम्पाला असतात. त्यांच्याकडे दहा दिवसांचा मुक्काम आहे आणि त्यातले चार दिवस वॉल्ट डिस्ने वर्ल्डसाठी राखून ठेवले आहेत. तिथल्या उद्यानांपैकी दोन दिवस मॅजिक किंगडम, एक दिवस ॲनिमल किंगडम आणि एक दिवस एपकॉट असा बेत आहे. तिकिटे, हॉटेल, धाकट्यासाठी भाड्याची बाबागाडी हे सगळे ठरले. गाडी अडली आहे ती कॅमेऱ्यापाशी.

घरात निकॉन डी५६०० आहे आणि त्याच्या तीन लेन्स आहेत : १८-१४० ची झूम, ३५ मिमी एफ/१.८ आणि लांबचे जवळ आणणारी ७०-३००. त्याशिवाय सोनीचा छोटा आरएक्स१०० मार्क ३ आहे, जो नवऱ्याने काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याकडून जुना घेतला होता. आणि फोन तर आहेतच. काल रात्री स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून पाहिली. निकॉन १८-१४० सह साडेनऊशे ग्रॅमच्या थोडा वर गेला, एकटी ७०-३०० ची लेन्स चारशेच्या वर भरली आणि सोनी तीनशेच्या आत राहिला. कणकेच्या परातीशेजारी लेन्सा मांडलेल्या पाहून सासूबाईंनी एवढेच विचारले, "हे सगळं तिथे धरणार कोण?"

मला त्याचे उत्तर देता आले नाही. मला हवे असलेले फोटो तसे मोजकेच आहेत : राइडमध्ये बसलेल्या मुलांचे चेहरे, सिंड्रेलाच्या किल्ल्यामागची आतषबाजी, सफारीतले प्राणी आणि मी स्वतः ज्यात दिसते आहे असे दोन-चार फोटो, कारण मागच्या दोन सहलींच्या अल्बममध्ये मी औषधालाही सापडत नाही. जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

ऑर्लँडोकर, ९ मार्च

मी या भागात अकरा वर्षे राहतो आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर माझी एक फेरी ठरलेली असते, त्यामुळे इतरांचे कॅमेरे वाहण्याचा मला पुरेसा अनुभव आहे.

आधी नियम सांगतो. सेल्फी स्टिकवर ३० जून २०१५ पासून बंदी आहे. आणलीत तर प्रवेशद्वारावरच अडेल. ट्रायपॉड नेता येतो, पण तो नेहमीच्या पाठीवरच्या सॅकमध्ये मावला पाहिजे आणि उघडल्यावर सहा फुटांपेक्षा उंच होता कामा नये. प्रवेशाच्या वेळी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या जातात. अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश चालत नाही, आणि चालत असता तरी तो वापरू नये असेच मी म्हटले असते, कारण तुमच्या एका झगमगाटाने मागच्या वीस लोकांची राइड बिघडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. "नको वाटला तर कॅमेरा गाडीत ठेवून येऊ" हा विचार मॅजिक किंगडमच्या बाबतीत मनातून काढून टाका. तिथे वाहनतळ आणि उद्यान यांच्या मध्ये एक मोठे तळे आहे. गाडी लावल्यावर मोनोरेलने किंवा फेरीबोटीने पलीकडे जावे लागते, त्यामुळे गाडीपर्यंत परत जाऊन येण्यात तासाभराचा तरी चुराडा होतो. प्रवेशद्वाराजवळ भाड्याचे लॉकर मिळतात. जड वस्तू आणणारच असाल तर संध्याकाळपर्यंत ती तिथे ठेवा.

तिसरे म्हणजे पाऊस. मे अखेरीपासून दुपारचे ढग जमू लागतात. दोन-तीनच्या सुमारास विजांसह अशी सर येते की उघड्यावरच्या राइड तात्पुरत्या बंद करतात, आणि तासाभराने पुन्हा लख्ख ऊन पडते. पिशवी पावसात टिकणारी हवी.

कातरवेळ, १० मार्च

मी एक सरळ मत मांडतो, ते पटेलच असे नाही. कॅमेरे घरी ठेवा आणि यजमानांचा नवा फोन घेऊन जा.

सहलीनंतर तुम्ही हे फोटो पाहणार कुठे आहात? कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आणि फोनच्याच पडद्यावर. त्या आकाराला आजच्या चांगल्या फोनचे चित्र कुठेही कमी पडत नाही. बरेचसे फोन पाण्यात पडूनही वाचतात, व्हिडिओ हलत नाही, आणि मूल धावत सुटले तर फोन खिशात टाकून दोन्ही हात मोकळे करता येतात. दुबईच्या सहलीत मी एक मोठा कॅमेरा सहा दिवस वागवला आणि परतल्यावर मोजले तर त्यातले फोटो एकशे दहा होते, फोनमधले चौदाशे. त्या एकशे दहांपैकी निम्मे तर मी "कॅमेरा आणलाच आहे तर काढू" म्हणून काढलेले होते.

दोन_पिलांची_आई, १० मार्च

कातरवेळ यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण त्यात एक गोष्ट सुटली आहे. डिस्ने वर्ल्डमध्ये फोन हा केवळ कॅमेरा राहत नाही. तिकिटे त्यात, राइडच्या प्रतीक्षेचे आकडे त्यात, जेवणाची ऑर्डर त्यात, नकाशा त्यात आणि हरवलेल्या नवऱ्याला शोधायचे साधनही तोच. आम्ही गेलो तेव्हा सकाळपासून फोनवरच व्हिडिओ काढत होतो आणि कडक उन्हात पडदा पूर्ण उजळ ठेवावा लागत होता. दुपारी चारला दोन्ही फोन मान टाकून पडले. पुढचा तास आम्ही एका भिंतीजवळच्या प्लगपाशी पाळीपाळीने उभे राहून काढला, आणि तेवढ्या वेळात मुलांनी समोरच्या दुकानातून काय काय घ्यायला लावले ते इथे लिहीत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की फोटोंचा मुख्य भार फोनवर नसावा. फोन वाचवण्यासाठी म्हणून कॅमेरा न्यावा. हे कारण कॅमेरेवाल्यांना फारसे मानाचे वाटणार नाही, पण ते खरे आहे.

आणि कॅमेरा गळ्यात घालू नका. लहान मूल कडेवर घेतले की तो बरोबर त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर लोंबतो आणि प्रत्येक पावलाला आपटतो. भारतातल्या एका उद्यानात पाण्याच्या राइडवर मी तो पोटाशी धरून, वर ओढणी गुंडाळून बसले होते. ओढणी भिजली, कॅमेरा भिजला आणि दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवले तेव्हा आत पाण्याचे डाग पडलेले होते. चूक सर्वस्वी माझी होती. तुम्ही ॲनिमल किंगडमच्या काली रिव्हर रॅपिड्सवर जाणार असाल तर कॅमेरा काठावर थांबणाऱ्याच्या हाती द्या. त्या गोल तराफ्यात बसलेला माणूस कोरडा उतरेल याची खात्री कुणीही देत नाही.

तिपाई, ११ मार्च

आतापर्यंत वजनाची आणि सोयीची चर्चा झाली, आता थोडी उजेडाची करू, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो.

राइडमधले चेहरे हवे आहेत, असे रुणझुण म्हणतात. पीटर पॅन किंवा हाँटेड मॅन्शनसारख्या राइडमध्ये घरातल्या झिरोच्या दिव्याइतकाच उजेड असतो, गाडी हलत असते आणि फ्लॅश चालत नाही. अशा ठिकाणी दोनच गोष्टी कामाला येतात : लेन्सचे तोंड किती उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे) आणि सेन्सर, म्हणजे आतला उजेड टिपणारा तुकडा, किती मोठा आहे. डी५६०० चा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, सोनीचा १३.२ बाय ८.८. म्हणजे क्षेत्रफळात निकॉन तिपटीहून थोडा मोठा. इथपर्यंत वाचून मोठाच न्यावा असे वाटेल. पण १८-१४० ची लेन्स तिच्या रुंद टोकाला एफ/३.५ च्या पुढे उघडत नाही आणि सोनीची एफ/१.८ पर्यंत उघडते. उजेड या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून सोनीच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जवळजवळ पावणेचारपट उजेड पडतो. एकाने तिप्पट कमावले, दुसऱ्याने पावणेचारपट. हिशेब सोनीच्या बाजूने किंचित झुकून बरोबरीत सुटतो.

याचा अर्थ असा की तुमचा साडेनऊशे ग्रॅमचा संच अंधारात तीनशे ग्रॅमच्या डबीपेक्षा काहीही जास्त देत नाही. झूम करून सोनीच्या ७० मिमीच्या टोकापर्यंत गेलात तरी हा हिशेब फारसा बदलत नाही. पुढच्या पल्ल्यासाठी १८-१४० उपयोगी आहे हे खरे, पण त्या पल्ल्याची गरज फक्त सफारीत पडेल आणि तिथे तुमच्याकडे ७०-३०० आहेच. तेव्हा माझे मत असे की १८-१४० पुण्यातच राहू द्या.

मग निकॉन का न्यायचा? ३५ मिमी एफ/१.८ साठी. ती लेन्स दोनशे ग्रॅमची आहे आणि ती लावली की मोठा सेन्सर आणि मोठे तोंड या दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. सोनीच्या तिप्पट उजेड. पण तिची अडचणही सांगतो. निकॉनच्या त्या सेन्सरवर ३५ मिमी म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशेबात ५२ मिमी. शेजारी बसलेल्या मुलीचा फोटो काढायला जाल तर एक गाल आणि एक कान येईल. राइडच्या आत सोनी, संध्याकाळच्या रस्त्यावर ३५ मिमी, असे काम वाटून द्यावे.

जुना_रोल, ११ मार्च

तिपाई यांचे गणित मी दोनदा वाचले आणि ते बरोबर आहे. तरीही मला वाटते की आपण सगळे एका कुटुंबाला चार दिवसांसाठी स्टुडिओ बांधून देत आहोत.

गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही फेरीबोटीने तिथे गेलो. जवळ एकच कॅमेरा होता, त्यात एकच रोल, ३६ फोटोंचा. शेवटी नशिबाने सदतिसावा निघाला तर निघाला. वडिलांनी सकाळीच वाटणी केली होती : बोटीवर चार, पाळण्यांवर पंचवीस, जेवणाच्या वेळी दोन, आणि परतीसाठी पाच राखीव. मोजूनमापून काढल्यामुळे प्रत्येक फोटोच्या आधी सगळे जण थांबत, एकत्र येत, केस सारखे करत. आज तो अल्बम उघडला की एकही फोटो वाया गेलेला दिसत नाही. थोडे वडिलांचे डोके उडालेले आहे, कारण कॅमेरा काकांच्या हातात होता.

डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी जागोजागी कोडॅकच्या पाट्या असत, "इथे उभे राहून फोटो काढा" असे सुचवणाऱ्या. त्या पाट्यांची लोक टिंगल करत, पण त्यामागचा विचार मला शहाणपणाचा वाटतो. दिवसभर कॅमेरा डोळ्याला लावून फिरण्यापेक्षा ठरावीक पाच-सहा जागी थांबून फोटो काढावेत आणि एरवी तो पिशवीत असावा. एक कॅमेरा, एक लेन्स. मी असतो तर निकॉनला ३५ मिमी लावून बाकी सगळे घरी ठेवले असते.

कातरवेळ, ११ मार्च

पण जुना_रोल, एका लेन्सवर सफारी कशी होणार? ३५ मिमीतून सिंह मांजरीएवढाही दिसायचा नाही.

जुना_रोल, ११ मार्च

सिंह डोळ्यांनी पाहावा. सिंहाचे उत्तम फोटो जगात पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलांच्या चेहऱ्यांचे नाहीत.

रुणझुण, १२ मार्च

सर्वांचे मनापासून आभार. तिपाई यांचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला तेव्हा त्यांना फार आनंद झाला, कारण सोनी त्यांनी आणला होता आणि तेव्हा मी त्यावरून बरेच बोलले होते. १८-१४० राहील घरी, हे ठरले. सिंहाच्या बाबतीत मात्र मी जुना_रोल यांच्याशी सहमत नाही. मुलगी गेले सहा महिने प्राण्यांची चित्रे काढते आहे आणि तिला स्वतः काढलेल्या फोटोवरून चित्र काढायचे आहे, म्हणून ७०-३०० येईल.

आता तीन शंका. आतषबाजी ट्रायपॉडशिवाय जमेल का? सफारीच्या ट्रकमध्ये हादरे बसतात असे वाचले, मग शटरस्पीड किती ठेवावा? आणि सासूबाईंना जास्त चालवत नाही, त्या बऱ्याचदा धाकट्याला घेऊन बसून राहतील. त्यांच्याकडे सोनी देण्यात धोका आहे का?

ऑर्लँडोकर, १२ मार्च

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यातच तुमच्या सासूबाईंच्या मूळ प्रश्नाचेही उत्तर आहे. मोठ्या राइडना उंचीची अट असते. स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात, म्हणजे तुमचा धाकटा तिथे बसणार नाही. अशा वेळी उद्यानाची एक सोय आहे : एक पालक लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो आणि मग थांबलेल्याला पूर्ण रांग न लावता आत सोडतात. या अदलाबदलीत कॅमेरा नेहमी थांबणाऱ्याकडे राहतो. वेगवान राइडवर कुणाच्याच हातात तो नसावा; तिथे उद्यानाचे स्वतःचे कॅमेरे फोटो काढतात आणि ते विकत घेता येतात. तेव्हा धरणार कोण, याचे उत्तर दर तासाला बदलेल, आणि त्यात सासूबाईंची पाळी सगळ्यांत जास्त वेळा येईल.

तुम्हाला स्वतः फोटोत यायचे असेल तर आणखी एक मार्ग आहे. किल्ल्यासमोर आणि इतर मोक्याच्या जागी उद्यानाचे छायाचित्रकार उभे असतात. ते त्यांच्या कॅमेऱ्याने काढतात, ते फोटो पैसे देऊन मिळतात. पण विनंती केली तर तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर किंवा फोनवरही काढून देतात. संकोच करू नका. सोनीचा पडदा पूर्ण वर उलटतो, म्हणून हात लांब करून स्वतःचा फोटोही जमेल.

आणि एक इशारा, जो मी प्रत्येकाला देतो आणि प्रत्येक जण विसरतो. इथल्या हॉटेलच्या खोल्या थंडगार असतात आणि बाहेर हवा दमट. एसी गाडीतून मे महिन्यात चिपळूणला उतरल्यावर चष्म्यावर जशी वाफ धरते, तशी ती लेन्सवर धरते, आणि मोठ्या लेन्सवर ती पंधरा-वीस मिनिटे हलत नाही. रात्री कॅमेरा बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बाहेर आल्यावर पिशवी अर्धा तास उघडू नका. वाफ धरलीच तर पुसत बसू नका, आणि लेन्स तर मुळीच काढू नका, नाहीतर तीच वाफ आत सेन्सरवर बसेल.

तिपाई, १३ मार्च

आतषबाजीसाठी : हात टेकायला कठडा मिळाला तर उत्तम, नाहीतर सॅकमध्ये मावणारा छोटा ट्रायपॉड न्या. आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) १००, एफ/८, शटर दोन ते तीन सेकंद, फोकस आधी किल्ल्यावर धरून मग मॅन्युअलवर टाका. निकॉनच्या मेनूमध्ये दीर्घ एक्सपोजरचा नॉइज (दाणेदारपणा) कमी करणारी एक सोय असते, ती बंद करा. चालू राहिली तर तीन सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीन सेकंद स्वतःशीच काम करत बसतो आणि तेवढ्यात चांगला बाण विझून जातो. सुरुवातीचे फोटो घ्या, कारण नंतर धूर साचतो आणि वारा नसेल तर शेवटची सगळी रोषणाई एका करड्या ढगात होते. खरे सांगायचे तर मी दोन-तीन आतषबाजीचे काढून झाले की कॅमेरा मागे वळवतो. किल्ल्याच्या उजेडात वर पाहणाऱ्या मुलांचे चेहरे एफ/१.८, आयएसओ ३२०० ला सुंदर येतात.

सफारीला शटर १/५०० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, जमल्यास १/१००० ठेवा. आयएसओ ऑटोवर टाका आणि त्याची चिंता करू नका. कोपर ट्रकच्या बाकावर टेकवले तर हादरे थेट कॅमेऱ्यात येतात, म्हणून ते शरीराशी घट्ट धरा. सकाळी उद्यान उघडताच जा. प्राणी जागे असतात आणि ऊन तिरपे असते.

सासूबाईंसाठी सोनी पूर्ण ऑटोवर ठेवा, मनगटाचा पट्टा लावा. तो कॅमेरा फोनच्या पॉवर बँकेवरही चार्ज होतो, ही मोठी सोय आहे. विमानात पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात; २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते आणि १०० च्या मर्यादेत बसते.

दोन_पिलांची_आई, १३ मार्च

भारतातून निघताना विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेऱ्याचे एक्सपोर्ट सर्टिफिकेट घेता येते, म्हणजे परतताना ही वस्तू तिकडून विकत आणली का, हा प्रश्न उद्भवत नाही. जुन्या कॅमेऱ्याला कुणी अडवेल असे नाही, पण वेळ असेल तर घ्या.

रुणझुण, १४ जून

परत येऊन आठवडा झाला. मार्गदर्शन घेतले तर वृत्तान्तही द्यायला हवा, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी मॅजिक किंगडमला फक्त सोनी नेला, नवऱ्याच्या कमरेच्या पिशवीत. पीटर पॅनच्या उडत्या जहाजात मुलीचा चेहरा आणि खाली लंडनचे दिवे, दोन्ही एका फोटोत आले. थोडे दाणेदार आहे, पण आहे. स्पेस माउंटनच्या वेळी कॅमेरा सासूबाईंकडे गेला आणि दिवसभर त्यांच्याकडेच राहिला. त्यांनी पट्ट्याचे मनगटाला दोन वेढे दिले होते आणि दोन्ही हातांनी तो प्रसादाच्या वाटीसारखा धरला होता. मी आवाज बंद करून दिला होता, ही माझी चूक. फोटो निघाल्याचे त्यांना कळेना, म्हणून त्या दाबत राहिल्या. आपल्याकडच्या शराटीसारखे दिसणारे, लांब वाकड्या चोचीचे पांढरे पक्षी तिथे लोकांच्या ताटांभोवती बिनधास्त फिरतात. त्यांच्यापैकी एकाचे सत्तावीस फोटो निघाले आहेत, आणि सत्ताविसाव्यात तो धाकट्याच्या हातातला बटाट्याचा काप घेऊन जातो आहे.

दुसऱ्या दिवशी निकॉन ३५ मिमीसह दुपारपर्यंत लॉकरमध्ये ठेवला. अडीचला पाऊस आला, तो ऑर्लँडोकर यांनी सांगितला होता तसाच. रात्री ट्रायपॉडला जागा मिळाली नाही, कारण गर्दीत तो उघडणे मलाच बरे वाटेना. एका कचराकुंडीच्या झाकणावर कॅमेरा टेकवला आणि चार फोटो चांगले आले. मग तिपाई यांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा मागे वळवला. नवऱ्याच्या खांद्यावर बसलेला धाकटा दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे घट्ट मिटून बसला होता. आतषबाजी त्याने पाहिलीच नाही, हे मला त्या फोटोमुळे कळले.

तिसऱ्या दिवसाबद्दल लिहायला संकोच वाटतो. प्लॅस्टिकची पिशवी मी पुण्याहून नेली होती. ती सॅकमध्ये होती आणि कॅमेरा रात्रभर एसीच्या झोताखाली टेबलावर होता. सकाळी घाईत निघालो आणि सफारीच्या ट्रकमध्ये बसल्यावर मुलीने ७०-३०० मधून पाहिले, तेव्हा सगळे दुधात बुडालेले. पाणघोडे आणि जिराफ महाबळेश्वरच्या धुक्यात उभे असल्यासारखे आले आहेत. सिंहांपर्यंत पोहोचलो तोवर लेन्स निवळली होती. मुलीने मात्र चित्र काढायला धुक्यातला जिराफच निवडला आहे, कारण त्याचे पाय काढावे लागत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे.

एपकॉटच्या दिवशी मोठा कॅमेरा खोलीवरच राहिला. चार दिवसांत तो दीड दिवस वापरला. तरी नेला नसता तर चुटपुट लागली असती, हेही कबूल करते. मी सव्वीस फोटोंत आहे, त्यातले एकोणीस सासूबाईंनी काढलेले आहेत.

आता एक नवीच अडचण आली आहे. निकॉनचे घड्याळ मी भारतीय वेळेवरच ठेवून दिले होते आणि सोनीचे व फोनचे तिथल्या वेळेवर होते. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊची आतषबाजी तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, नाश्त्याच्या आधी होते आहे. चारशे फोटोंच्या वेळा एकेक करून बदलाव्या लागतील का?

तिपाई, १५ जून

एकेक करण्याची गरज नाही. फोटोंच्या बहुतेक संगणकी प्रणालींत निवडलेल्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम मागे-पुढे सरकवता येते. मे महिन्यात तिथली घड्याळे आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात. पण सरळ साडेनऊ तास वजा करू नका, कारण कॅमेऱ्याची घड्याळे वर्षानुवर्षे लावलेली नसतात. निकॉनने आणि फोनने एकाच क्षणी काढलेला एखादा प्रसंग शोधा, दोन्ही वेळांतला फरक काढा आणि तेवढाच वजा करा. मूळ फोटोंची एक प्रत आधी बाजूला ठेवा.

रुणझुण, १५ जून

सापडला. किल्ल्याच्या डाव्या बाजूला फुटलेला एक हिरवा बाण नवऱ्याच्या व्हिडिओतही आहे आणि कचराकुंडीवरून काढलेल्या तिसऱ्या फोटोतही. फरक नऊ तास तेवीस मिनिटांचा निघाला, म्हणजे निकॉनचे घड्याळ सात मिनिटे मागे होते. आता आतषबाजी रात्री झाली आहे आणि जिराफ सकाळी धुक्यात उभे आहेत.